केबल कुटुंबाचा हिशेब : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

विषय पक्का झाला. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स. इंग्लंडमध्ये दोघांनाही फाशीची शिक्षा झालेली, दोघांचीही बदलून हद्दपारी झालेली, आणि १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातून दोघंही सिडनीला उतरलेली. मराठीत ऐकण्यासाठी छोटी मालिका करायची, सोबत एका पानावर मावेल अशी वंशावळ.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आणि राजबंदी डोळ्यांसमोर येतात. इथे राजबंदी नाहीत, घरफोडे आहेत. ऐकणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत ही अपेक्षा सोडून द्यायला हवी.

कामाची नोंद: नाव शोधताना केबल, कॅबेल, केबेल अशी सगळी रूपं टाकायची. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं आहे आणि नाव सांगणाऱ्याला अक्षरओळख नव्हती. ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह) ‘सिडनी गॅझेट’ १८०३ पासूनचं आहे, त्यामुळे पहिल्या पंधरा वर्षांसाठी न्यायालयाची कागदपत्रं आणि रोजनिश्या यांवरच भिस्त.

१४ जानेवारी

चोरीचा भाग लिहून झाला. तो लिहायला मजा आली, हे कबूल करायला हरकत नाही.

१ फेब्रुवारी १७८३. नॉरफॉकमधलं अल्बर्ग गाव. अ‍ॅबिगेल हॅम्बलिंग नावाच्या बाईचं घर, बाई घरी नाहीत. थोरला हेन्री, त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा धाकटा हेन्री आणि अब्राहम कारमन असे तिघं आत शिरतात. तेव्हाच्या वर्तमानपत्री बातमीप्रमाणे उचलता येईल ते सगळं उचललं. पलंगाचे पडदेसुद्धा काढले, मुरवणीच्या बरण्यांतलं मांस नेलं, आणि निघण्याआधी बसून बाईंची वाइन प्यायली. रिकाम्या बाटल्या तिथेच.

मांस आणि पडदे. दागिन्यांवर डल्ला मारणारी ही माणसं नव्हेत. ज्यांच्या घरात काहीच नाही ती माणसं दुसऱ्याच्या घरातून काय नेतात, ते या यादीत दिसतं. अर्थात हॅम्बलिंगबाईंच्या बाजूने पाहिलं तर परत आल्यावर उघडा पलंग आणि रिकाम्या बरण्या. तिचीही दोन वाक्यं घातली. या गोष्टीत तिची आठवण फारसं कोणी काढत नाही.

मार्चमध्ये थेटफर्डच्या न्यायालयात तिघांनाही फाशी. मुलाची शिक्षा बदलून अमेरिकेत हद्दपारी. ५ एप्रिलला बाप आणि कारमन यांना नॉर्विच किल्ल्यापाशी फासावर चढवलं. मुलगा त्याच किल्ल्यातल्या तुरुंगात पुढची तीन वर्षं राहिला.

इथे संगीत नको. वाक्य संपलं की सरळ पुढे जायचं.

१९ जानेवारी

सुझॅना. सर्लिंगहॅम गावची, घरकाम करणारी. थर्ल्टनच्या जेबेझ टेलरच्या घरातून तागाचं कापड, कपडे आणि चांदीचे चमचे चोरल्याचा आरोप. मार्च १७८४, पुन्हा थेटफर्ड, पुन्हा फाशी, पुन्हा बदलून हद्दपारी. तिचीही रवानगी नॉर्विच किल्ल्यात.

अमेरिकेत पाठवायची शिक्षा, पण अमेरिकेचं दार बंद. १७१८ पासून स्वातंत्र्ययुद्ध सुरू होईपर्यंत इंग्लंडने सुमारे ५०,००० कैदी तिकडे पाठवले होते. युद्धाने ते थांबलं. तुरुंग भरले, मग जुन्या जहाजांचे सांगाडे नदीत आणि बंदरात नांगरून त्यांत कैदी कोंबायला सुरुवात झाली. हेन्री आणि सुझॅना यांची ओळख या तुंबलेल्या व्यवस्थेमुळे झाली. शिक्षा वेळेवर अमलात आली असती तर तो सुझॅना यायच्या आधीच समुद्रापार गेला असता.

१७८६ मध्ये तुरुंगातच मुलगा झाला. त्याचंही नाव हेन्री. लग्नाची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही.

वंशावळीत आता तीन हेन्री एकाखाली एक आहेत. मालिकेत ‘बाप’, ‘हेन्री’ आणि ‘बाळ हेन्री’ म्हणायचं. बाळ पुढे जहाजाचा कप्तान होतो, तेव्हा बघू.

२२ जानेवारी

सिम्पसनचा प्रवास. हा भाग सगळेच सांगतात म्हणून मी टाळणार होते. टाळता येत नाही.

हुकूम आला: तीन बायकांना प्लिमथला न्यायचं, तिथल्या ‘डंकर्क’ या तरंगत्या तुरुंगावर सोपवायचं. सुझॅना त्यांतली एक, कडेवर पाचेक महिन्यांचं मूल. हेन्री नॉर्विचलाच. सोबत जॉन सिम्पसन, तुरुंगाच्या किल्ल्या सांभाळणारा शिपाई. प्लिमथला कप्तानाने आईला घेतलं, मुलाला नाकारलं. यादीत नाव नाही. सिम्पसनच्या हातात ते पोर.

तो नॉर्विचला परतला नाही. घोडागाडीने बाळाला मांडीवर घेऊन लंडनला गेला आणि गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांच्या दारात उभा राहिला. आत सोडेनात. तो हटला नाही. मंत्री जिन्यावरून उतरताना त्याने त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. हुकूम निघाला: मूल आईकडे द्या, आणि बापालाही त्याच जहाजाने पाठवा. मग सिम्पसन पुन्हा नॉर्विचला, तिथून हेन्रीला घेऊन प्लिमथला.

वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. लेडी कॅडोगन यांच्या पुढाकाराने वर्गणी जमली. तिच्यातून २० पौंडांचं सामान, कपडे आणि पुस्तकं असं गाठोडं बांधून ‘अलेक्झांडर’ जहाजावर चढवलं.

तुरुंगाच्या शिपायाचं काळीज द्रवलं, मंत्र्याचं द्रवलं, लंडनच्या बायकांचं द्रवलं, असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. खोटं नाही. पण त्याच मंत्र्याच्या खात्याने साडेसातशेच्या आसपास माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायची योजना आखली होती आणि त्यांतल्या बहुतेकांची घरं तुटली. एका बाळाची बातमी झाली. मला गाठोड्यात जास्त रस आहे. घरफोडीच्या गुन्ह्यात फाशीच्या दोरापर्यंत गेलेल्या या दोघांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही मालमत्ता झाली ती ही, दान मिळालेली. पुढची सगळी गोष्ट इथून निघते.

२६ जानेवारी

आज सुट्टी. सिडनी शहरात दोन गर्दी: एक झेंडे घेऊन बंदरावर, दुसरी मोर्चात, आदिवासींच्या भूमीवर आक्रमण झालं तो दिवस म्हणून. १७८८ मधल्या याच तारखेला ताफा सिडनी कोव्हमध्ये नांगरला. जमीन गडिगल लोकांची. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि त्यांच्यातली असंख्य माणसं गेली. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच हे सांगायचं, शेवटी पुस्ती म्हणून नाही.

प्रवास थोडक्यात: अकरा जहाजं, १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाली. हेन्री, सुझॅना आणि बाळ ‘फ्रेंडशिप’वर. केप टाउनला मेंढ्या चढवायच्या होत्या, जागा नव्हती, म्हणून ‘फ्रेंडशिप’वरच्या कैदी बायकांना दुसऱ्या जहाजांवर हलवलं. सुझॅना ‘शार्लट’वर गेली. एका घराला एकत्र ठेवायला मंत्र्याचा हुकूम लागला होता, वेगळं करायला मेंढ्या पुरल्या. राल्फ क्लार्क नावाच्या नौसैनिक अधिकाऱ्याने रोजनिशीत लिहिलंय की या बायकांपेक्षा मेंढ्यांची सोबत कितीतरी बरी असेल. हा माणूस स्वतःच्या बायकोच्या आठवणीने पानंच्या पानं रडतो. ते वाक्य घ्यायचंच.

घराण्यात आणखी एक कथा सांगतात: गव्हर्नर फिलिपला हेन्रीने खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर उतरवलं. कथा म्हणूनच सांगायची.

२ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. पंख्याचा आवाज आला. परत करायचं, पहाटे.

१० फेब्रुवारी

तारीख ठरवून हा भाग आज लिहायला घेतला. १० फेब्रुवारी १७८८ ला रेव्हरंड रिचर्ड जॉन्सन यांनी पाच जोडप्यांची लग्नं लावली. हेन्री आणि सुझॅना त्यांतलं एक. बाळ हेन्री तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा.

आता खटला. माझ्या मते या सगळ्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना हीच. तिच्यावर मालिकेचा एक पूर्ण भाग.

‘अलेक्झांडर’वर चढवलेलं गाठोडं मिळेना. पुस्तकं तेवढी सापडली, बाकी माल गायब. जहाजाचा कप्तान डंकन सिंक्लेअर दाद देईना. जुलै १७८८ मध्ये केबल नवरा-बायकोने त्याच्यावर दावा लावला. वसाहतीतला हा पहिला दिवाणी दावा.

इंग्लिश कायद्याप्रमाणे हा दावा उभाच राहू शकत नव्हता. फाशीची शिक्षा झालेला माणूस कायद्याच्या दृष्टीने मेलेला. तो मालमत्ता बाळगू शकत नाही, न्यायालयात फिर्याद करू शकत नाही. शिक्षा बदलली म्हणून हा डाग जात नाही. इथे वादी दोघं आणि दोघंही तसेच. कागदावर मात्र त्यांची ओळख कैदी म्हणून दिलेलीच नाही, ‘या ठिकाणचे नवे वसाहतकार’ अशी दिली आहे. न्यायासनावर तिघं: जज अ‍ॅडव्होकेट (वसाहतीचा न्यायाधिकारी) डेव्हिड कॉलिन्स, सर्जन जॉन व्हाइट आणि लग्न लावणारे तेच रेव्हरंड जॉन्सन. कॉलिन्स नौसैनिक दलातला अधिकारी, वकील नव्हे. तिघांपैकी कायदा शिकलेला एकही नाही.

निकाल केबलांच्या बाजूने, १५ पौंड नुकसानभरपाई.

असं का झालं याचं माझं उत्तर साधं आहे. सगळी वसाहतच शिक्षा झालेल्यांची. त्यांना कायद्याने मृत मानायचं ठरवलं तर खरेदी-विक्री, करार, उधारी, साक्ष, काहीच चालणार नाही. शिवाय कैद्यांचं सामान जहाजाच्या कप्तानांनी लाटलं तरी चालतं, असा निरोप पहिल्याच वर्षी गेला असता. व्यवहाराच्या गरजेपुढे कायदा वाकवला गेला. गव्हर्नर आणि न्यायाधीशांनी उदारपणे एक नवा समाज घडवायला घेतला असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मला त्यात दुकान उघडं ठेवायची धडपड जास्त दिसते.

आणि ते कायमचं मिटलंही नव्हतं. १८१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने बुलक विरुद्ध डॉड्स खटल्यात तोच जुना मुद्दा उकरला आणि शिक्षा भोगून सुटलेल्या, एव्हाना श्रीमंत झालेल्या सगळ्या माणसांच्या मालमत्तेखालची जमीन हलली. त्यांच्यातलाच एक, एडवर्ड ईगर, त्यांचा अर्ज घेऊन इंग्लंडला गेला. १८२३ च्या कायद्याने मार्ग निघाला.

दाव्याच्या कागदावर दोघांनी सही म्हणून फुल्या मारल्या आहेत. पुस्तकांचं गाठोडं मिळालं, पण वाचता कोणालाच येत नव्हतं. हा भाग फुल्यांवर संपवायचा मोह आवरला. १५ पौंडांवर संपतो.

१३ फेब्रुवारी

मावशीचा नाशिकहून फोन. चौथ्या भागाचा मसुदा तिने वाचला. “अगं, ती बाई गेली कुठे? तिसऱ्या भागापर्यंत तिच्यावाचून पान हलत नाही, आणि चौथ्यात नुसताच हेन्री. हेन्रीने जमीन घेतली, हेन्रीने खाणावळ काढली. भाकऱ्या कोण थापत होतं?”

मावशी शाळेत इतिहास शिकवायची.

उत्तर कायद्यातच आहे. लग्नानंतर इंग्लिश बाईची मिळकत नवऱ्याची. दाव्यात सुझॅनाचं नाव आलं कारण गाठोडं दोघांसाठी होतं. त्यानंतर जे काही कमावलं, ज्या काही सनदा मिळाल्या, त्या त्याच्या नावे. म्हणजे फाशीच्या शिक्षेने कायद्यासमोर मेलेली बाई जुलै १७८८ मध्ये न्यायालयात उभी राहिली आणि नवऱ्याची भरभराट सुरू झाल्यावर कागदांतून दिसेनाशी झाली. तिची नोंद राहते ती मुलांच्या नोंदींत. तुरुंगातला हेन्री धरून एकूण ११ मुलं, जवळजवळ वीस वर्षांच्या काळात. एक मुलगा, ईनॉक, लहानपणीच गेला.

चौथा भाग मुलांच्या जन्मांवरून रचायचा. धंद्याच्या तारखा त्यांच्यामध्ये येऊ देत. कामाचा क्रम उलटा झाला, पण आता बसतोय.

१८ फेब्रुवारी

नवी मांडणी करून लिहिलं. मोठी मुलगी डायाना, १७८८ मध्येच जन्मलेली. तिच्या पाळण्याच्या दिवसांत बाप कैद्यांवर मुकादम आहे. पुढे १७९१ मध्ये कॉन्स्टेबल, मग मुख्य कॉन्स्टेबल. घरफोड्याच्या हाती रात्रीची गस्त! पण नेमायचं कोणाला? पहारेकरी आणि चोर दोन्ही एकाच यादीतून निवडायचे होते.

मग जमीन. पीटरशॅम हिल इथे १७९४-९५ मध्ये सनदा मिळाल्या. शेजारच्या चौघांच्या सनदांवर सह्या होऊन आठवडा उलटायच्या आत त्याने त्यांच्याही जमिनी विकत घेतल्या. औतं नाहीत, बियाणं नाही, हातात रोख पाहिजे, अशा माणसांकडून. आपल्याकडच्या कुठल्याही गावच्या सावकाराला हे शिकवावं लागणार नाही.

१७९८ मध्ये ‘रॅम्पिंग हॉर्स’ नावाची खाणावळ. दारू एका हाताने विकायची आणि पिऊन पडलेल्याला दुसऱ्या हाताने उचलायचं. हे १८०२ पर्यंत चाललं. मग बंदराचे नियम मोडून बाहेरच्या जहाजावरून डुकरं आणल्याचं प्रकरण झालं आणि मुख्य कॉन्स्टेबलपद गेलं. डुकरांपायी जाणं जरा लागलं असणार.

२१ फेब्रुवारी

सीलची शिकार. हा भाग लिहायला जड गेला.

इथे हिंदुस्थानशी खरा दुवा आहे, तो ठेवायचाच. १७९६ च्या अखेरीस ‘सिडनी कोव्ह’ नावाचं जहाज कलकत्त्याहून रम आणि इतर माल घेऊन निघालं, खलाशांत बरेच लास्कर, म्हणजे हिंदी खलाशी. फेब्रुवारी १७९७ मध्ये ते टास्मानियाच्या उत्तरेला प्रिझर्व्हेशन बेटापाशी रुतलं. मदत आणायला सतरा जण नावेतून निघाले, नाव फुटली, मग किनाऱ्याने शेकडो मैल चालत. सिडनीला पोहोचले तिघं, त्यांतला एक हिंदी लास्कर. बचावाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि बासच्या सामुद्रधुनीतल्या बेटांवर सील किती आहेत याची बातमी सिडनीत पसरली.

१८०० च्या सुमारास हेन्रीने जेम्स अंडरवूडबरोबर भागी केली. अंडरवूडही कैदी म्हणून आलेला, जहाजं बांधणारा. पुढे सिमियन लॉर्ड तिसरा, तोही तसाच. साठ माणसं सामुद्रधुनीत कामाला. बेटांवर महिनोन् महिने सोडलेली टोळकी, सोट्यांनी मारलेले सील, कातडी आणि तेल पिंपांत भरून सिडनी, तिथून पुढे. काही वर्षांतच तिथले कळप संपले आणि जहाजं आणखी दक्षिणेकडे वळली. सीलमाऱ्या टोळक्यांनी किनाऱ्यावरच्या आदिवासी बायका पळवल्या, हेही याच बेटांवरचं. कातडी कोणाच्या वखारीत येत होती ते सांगितल्याशिवाय भाग पुरा होत नाही.

त्यांच्या एका गलबताचं नाव ‘डायाना’.

२५ फेब्रुवारी

भरभराटीचा कळस आणि घसरण. १८०७ मध्ये गव्हर्नर ब्लायला तिघा भागीदारांनी पत्र लिहिलं. त्याची भाषा गव्हर्नरला उद्धट वाटली. प्रत्येकी १०० पौंड दंड आणि महिनाभर तुरुंग. वीस वर्षांपूर्वी सहीला फुली मारणारा माणूस आता पत्राच्या भाषेवरून आत जातो. लॉर्ड वा अंडरवूड यांनीच लिहिलं असणार, पण सजा तिघांना सारखी.

१८०९ मध्ये भागी मोडली, मग दावे-प्रतिदावे. हेन्रीने मालमत्ता थोरल्या मुलाच्या नावे करून घेणेकऱ्यांपासून वाचवली. प्लिमथच्या कप्तानाने नाकारलेलं तेच ते बाळ. ते गाठोडं परत मिळवायला ज्या न्यायालयाचा आधार घेतला, त्याच न्यायालयापासून घर-वखार लपवायची वेळ आली. डायानाचा नवरा विल्यम गॉड्री, कैदी नव्हे, स्वखुशीने आलेला. सासऱ्याचा सिडनीतला व्यवहार त्याने सांभाळला.

जेम्स, एक मुलगा, मलाक्काच्या सामुद्रधुनीत चाच्यांच्या हातून मारला गेला. घराण्याचं लक्ष आता समुद्राकडे होतं. नॉर्विचला फासावर गेलेल्याचा नातू मलाक्कात मरतो, दोन पिढ्यांत.

१ मार्च

विंडसरला जाऊन आले. शहरापासून साठेक किलोमीटर, रिचमंडच्या गाडीने. हेन्री आणि सुझॅना १८११ मध्ये इकडे आले. दुकान, बिअरची भट्टी, हॉक्सबरी नदीकाठची शेतं. नदीचं मूळ नाव डायरबिन, काठ दारुग लोकांचे. शेतांवरून रक्तपात १७९४ पासूनच सुरू होता. पूर इथे नेहमीचेच. गावात भिंतींवर पाण्याच्या खुणा दाखवतात.

दोघांची कबर सेंट मॅथ्यूजच्या आवारात. सुझॅना १८२५ च्या नोव्हेंबरात गेली. हेन्री तिच्यानंतर वीस वर्षं जगला, १६ मार्च १८४६ ला वारला. चर्चचा आराखडा फ्रान्सिस ग्रीनवेचा. तोही कैदी, खोट्या दस्तऐवजाबद्दल फाशी सुनावलेला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. बनावट कागद करणारा नोटेवर! ऐकणारे हसतील. विंडसरच्या भागात एवढं हसू चालेल.

फोटो काढले. वंशावळीसाठी दगडावरच्या तारखा ताडून पाहिल्या.

४ मार्च

वंशावळ पूर्ण. मूळ जोडपं, खाली ११ मुलं. नातवंडांच्या पुढे जायचं नाही असं ठरवलं. हयात माणसांची नावं नकोत, आणि केबलांचे वंशज आता हजारोंनी आहेत. एक काळ असा होता की ऑस्ट्रेलियात घरोघर असले पूर्वज लपवत. १९६८ मध्ये पहिल्या ताफ्यातल्यांच्या वंशजांची संस्था निघाली, आणि आज कैदी पणजोबा सापडला तर लोक पेढे वाटायचे बाकी ठेवतात.

मावशीच्या सांगण्यावरून मालिकेच्या नावात सुझॅना आधी, हेन्री नंतर. खटल्याचा भाग लांबला आहे, तो तसाच राहील. सिम्पसनचा भाग दोन मिनिटांनी कापला.

राहिलेलं: राल्फ क्लार्कचं मेंढ्यांबद्दलचं वाक्य पुरुषाच्या आवाजात हवंय. शेजारच्या काकांना विचारलं आहे. त्यांना आधी सगळी गोष्ट ऐकायची आहे, मगच वाचतो म्हणाले.